मानसशास्त्राची पदवी: सहा सत्रांत विषय कसे लावावेत?

नवशिका
मानसशास्त्राच्या पदवीचे विषय ठरवायचे आहेत. एकूण सहा सत्रं. मानसशास्त्राची ओळख, संख्याशास्त्र १ आणि २, संशोधन पद्धती, प्रयोगशाळा आणि शेवटच्या सत्रातला संशोधन प्रकल्प हे सक्तीचे. बाकी निवडून घ्यायचे: जैविक, बोधात्मक (स्मरण, अवधान, विचार), सामाजिक, विकासात्मक, अपसामान्य (मानसिक विकार), समुपदेशन, मानसमापन (मानसिक चाचण्या आणि प्रश्नावल्या कशा बनवायच्या, तपासायच्या). रस अपसामान्य आणि समुपदेशनात आहे, आणि आकडेमोडीशी फारसं जमत नाही. म्हणून आवडीचे दोन आधी उरकून संख्याशास्त्र तिसऱ्या वर्षाला ढकलावं असं डोक्यात आहे. काही अडचण येईल का?

शाईचा डाग
येईल, आणि नेमकी शेवटच्या वर्षात येईल, जेव्हा सावरायला वेळ नसतो.

आराखडा प्रकल्पापासून मागे मागे करत या. लिखाण आणि मार्गदर्शकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या यांना पाच-सहा आठवडे, विश्लेषणाला दोन-तीन, माहिती गोळा करायला चार ते सहा. सहावं सत्र इथेच भरलं. नीतिसमितीची (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती) मंजुरी हातात येईपर्यंत एकाही माणसाकडून प्रश्नावली भरून घेता येत नाही, आणि आधीच जमवून ठेवलेल्या माहितीला मागाहून परवानगी मिळेल ही आशा सोडा. समिती संमतीपत्राची भाषा बदलून मागते, पुन्हा बैठक लागते, यात महिना-दीड महिना सहज जातो. तेव्हा प्रस्ताव पाचव्या सत्राच्या मध्यापर्यंत तयार हवा. प्रस्तावात संशोधनाची रचना, नमुन्याचा आकार आणि कोणती चाचणी लावणार हे लिहावं लागतं. ते लिहायचं तर दोन्ही संख्याशास्त्रं आणि संशोधन पद्धती चौथ्या सत्राच्या आत झालेली असायलाच हवीत.

म्हणून पहिल्या सत्रात ओळख आणि संख्याशास्त्र १. दुसऱ्यात संख्याशास्त्र २ आणि जैविक. तिसऱ्यात संशोधन पद्धती, चौथ्यात प्रयोगशाळा. ही साखळी हलवायची नाही, बाकीचे विषय तिच्या आजूबाजूला बसवा.

आणखी एक. बरेच विषय वर्षातून एकाच सत्रात शिकवले जातात. संख्याशास्त्र १ एकदा हुकलं की पुढचं सगळं एक सत्र नव्हे, अख्खं वर्ष मागे जातं. कोणता विषय कोणत्या सत्रात असतो आणि त्याआधी काय पूर्ण हवं, हे विभागात विचारून एका कागदावर बाण काढून मांडा. माहितीपत्रकावर विसंबू नका, ती बऱ्याचदा जुनी असतात.

आकडेमोड
संख्याशास्त्राच्या भीतीबद्दल. लागणारं गणित म्हणजे अपूर्णांक, टक्के, वर्गमूळ आणि आलेख वाचता येणं. अवघड असतो तो तर्क. चाचणीतून निघणारं पी-मूल्य ०.०३ आलं की ‘शून्य परिकल्पना (म्हणजे मुळात फरक नाहीच, हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता ३ टक्के’ असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक. शून्य परिकल्पना खरी धरली, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता ३ टक्के, एवढंच ते सांगतं. हा फरक मुरायला वेळ लागतो, म्हणून तर विषय लवकर घ्यायचा.

आठ-दहा आकडे घेऊन प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत) आणि एक टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक तपासणारी) हाताने सोडवा. मग सॉफ्टवेअर. जॅस्प आणि जामोव्ही फुकट आहेत आणि दोन-चार दिवसांत हाताळता येतात. ‘आर’ (R) ही संगणकभाषाही फुकट, पण त्याला एक सुट्टी तरी द्यावी लागते.

नमुन्याच्या आकाराचा हिशेबही याच विषयात येतो आणि प्रकल्प बहुतेकदा इथेच फसतात. दोन वेगळ्या गटांची तुलना, परिणामाचा आकार (गटांतला फरक केवढा) मध्यम (०.५), सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असं म्हणण्याची चालवून घेतलेली शक्यता) ०.०५ (द्विपुच्छ, म्हणजे फरक कोणत्याही दिशेने चालेल) आणि चाचणीची ताकद (खरा फरक सापडण्याची शक्यता) ८० टक्के धरली, तर प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. परिणाम छोटा (०.२) असेल तर प्रत्येक गटात जवळपास ४००. विद्यार्थी सवयीने ३०-३० घेतात. तेवढ्यात मध्यम आकाराचा फरक खरोखर असला तरी तो सापडण्याची शक्यता निम्म्याहून कमी. जी-पॉवर नावाचं फुकट सॉफ्टवेअर हा हिशेब मिनिटभरात करून देतं. प्रकल्पाचा विषय ठरवण्याच्या आधी हा आकडा काढा, नंतर नव्हे.

तिसरा बाक
साखळी मान्य. पण आवडीचं सगळं शेवटी टाकू नका, पहिली दोन वर्षं कोरडी जातात. अपसामान्य तिसऱ्या सत्रात घ्या, फक्त जैविक आधी होऊ द्या. चेतापेशी, सिनॅप्स (चेतापेशींमधली जोडणी), डोपामिन (मेंदूतलं संदेशवाहक रसायन) ठाऊक नसताना औषधं कशी काम करतात तो भाग नुसता पाठ करावा लागतो. समुपदेशन पाचव्यात चालेल.

सामाजिक मानसशास्त्र मात्र संशोधन पद्धतींनंतरच घ्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात शंभर संशोधनं पुन्हा करून पाहिली गेली. मुळातले ९७ टक्के निकाल सार्थक (पी-मूल्य ०.०५ च्या आत) होते, पुन्हा करताना ३६ टक्केच राहिले, आणि सामाजिक शाखेची गत बोधात्मकपेक्षा वाईट होती. पद्धती शिकलेल्या माणसाला पुस्तकातला प्रसिद्ध प्रयोग वाचतानाच ‘नमुना केवढा होता?’ हा प्रश्न पडतो.

प्रयोगशाळेच्या सत्रात लिखाणाचा आणखी एखादा जड विषय घेऊ नका. प्रयोग तासाभरात होतो, अहवालाला दोन-तीन संध्याकाळी जातात. स्ट्रूपचा प्रयोग (१९३५) बघा. रंगांची नावं जुळत्या आणि न जुळत्या शाईत, दोन याद्या, शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा, वेळ मोजायची. सगळ्यांना जुळती यादीच आधी दिली, तर पुढच्या यादीचा वेळ शाईमुळे वाढला की कंटाळ्यामुळे, हे सांगता येत नाही. अर्ध्यांना उलट क्रम द्यावा लागतो. हे विसरलेले अहवाल ढिगाने येतात.

नवशिका
आराखडा बदलला. मानसमापन ऐच्छिक आहे. प्रश्नावलीवर प्रकल्प करायचा असेल तर घ्यावंच का?

शाईचा डाग
घ्या, आणि उशिरात उशिरा पाचव्या सत्रात. प्रश्नावलीत काही विधानं मुद्दाम उलटी असतात: ‘मी सहसा शांत असतो’, ‘मी लगेच अस्वस्थ होतो’. पाच गुणांच्या (१ ते ५) मापनीवर उलट्या विधानाचे गुण ६ मधून वजा करून घ्यायचे. ते राहिलं की क्रोनबाखचा अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) कोसळतो, कधी ऋणसुद्धा येतो, आणि माणसं प्रश्नावलीलाच दोष देत बसतात. अल्फा ऋण दिसला की आधी उलटी विधानं तपासा.

आकडेमोड
त्यातच भर: न दिलेल्या उत्तराला ९९ लिहिलं असेल तर सॉफ्टवेअरला तसं सांगा. नाहीतर पाच गुणांच्या मापनीची सरासरी ७.८ येते. ही चूक निदान डोळ्यांवर येते. वयाच्या रकान्यात ९९ राहिलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून चाचणी लावण्याआधी प्रत्येक रकान्याची किमान आणि कमाल किंमत बघायची, आणि मूळ फाइल न बदलता बाजूला ठेवून कामाची प्रत वेगळी करायची.