मदत हवी आहे : महामंदीतील कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल नेतृत्वाची तुलना

हिमवर्षा
नमस्कार. माझ्या मुलीला दहावीच्या इतिहासासाठी महामंदीतील कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल नेतृत्वाची तुलना करणारा निबंध सोमवारपर्यंत द्यायचा आहे. पहिला मसुदा शिक्षिकेने परत केला असून, दोन दिवस पुस्तके चाळूनही काय चुकले ते आम्हा दोघींना उमगलेले नाही. कृपया मुद्द्याचेच लिहावे. मंदी म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक आहे.

रोखठोक
यात अडण्यासारखे काय आहे? अमेरिकेचे अध्यक्ष हूवर हातावर हात ठेवून बसले आणि रूझवेल्ट यांनी मार्च १९३३ मध्ये सूत्रे हाती घेताच सरकारी तिजोरी लोकांसाठी खुली केली. निबंध एवढाच.

जुनीवही
हे शाळकरी चित्र आहे. बँका आणि रेल्वे कंपन्यांना कर्जे देणारे सरकारी महामंडळ १९३२ च्या आरंभी हूवर यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले, तर सरकारी खर्चात २५ टक्के कपात करण्याचे आश्वासन त्याच वर्षीच्या प्रचारात रूझवेल्ट देत होते.

रकानेवाला
दोन रकान्यांचा तक्ता करावा. डावीकडे एक नेता, उजवीकडे दुसरा. माझ्या मुलाने प्रत्येक इयत्तेत हेच केले आणि कधी अडले नाही.

खडूफळा
ताई, निबंध कोणत्या देशाविषयी आहे? अमेरिकेतील दोन मुख्य पक्षांची ही नावे नाहीत. शिवाय शिक्षिकेने मसुदा परत करताना काही शेरा लिहिला असेलच, तो येथे द्यावा.

हिमवर्षा
देश अर्थातच कॅनडा, आम्ही मिसिसागाला राहतो. कॉन्झर्व्हेटिव्ह बेनेट आणि लिबरल मॅकेन्झी किंग या पंतप्रधानांची तुलना आहे. बेनेट यांनी काहीच केले नाही आणि किंग यांनी देश सावरला, असे मुलीने लिहिले होते. त्यावर समासात शेरा आहे, ‘मग १९३५ चा बेकारी विम्याचा कायदा कोणाचा?’

रोखठोक
बेनेट म्हणजे कॅनडाचे हूवर. माझे उत्तर बदलत नाही.

खडूफळा
बदलावे लागेल, कारण तो कायदा बेनेट यांचाच होता. ताई, मुलीला एप्रिल १९३० पासून सुरुवात करायला सांगा. तेव्हा पंतप्रधान असलेल्या किंग यांनी संसदेत सांगितले, की बेकारीच्या नावाखाली कोणत्याही टोरी, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह, प्रांतिक सरकारला आपण पाच सेंटचे नाणेही देणार नाही; म्हणजे मंदीच्या उंबरठ्यावर हात आखडता घेणारा नेता लिबरल होता, आणि जुलैच्या निवडणुकीत त्याची किंमत त्याने मोजली. बेनेट यांनी सत्तेवर येताच प्रांतांना मदतीसाठी २ कोटी डॉलर मंजूर केले, पण सोबत आयातशुल्कही चढवले, आणि गहू बाहेर विकून जगणाऱ्या प्रेअरी प्रांतांना त्या तटबंदीचा काही उपयोग नव्हता. तिथल्या शेतकऱ्यांना पेट्रोल परवडेना, तेव्हा त्यांनी मोटारींची इंजिने काढून पुढे घोडे जुंपले आणि त्या वाहनाला ‘बेनेट बग्गी’ हे नाव दिले. बेकार अविवाहित तरुणांना संरक्षण खात्याच्या छावण्यांत दिवसाला २० सेंटवर राबवले जात होते. १९३५ मध्ये ते मालगाड्यांवर चढून राजधानी ओटावाकडे निघाले आणि १ जुलैला रेजायना येथे पोलिसांशी त्यांची चकमक झाली.

जुनीवही
बेकारी विमा, किमान वेतन, कामाचे ठरावीक तास ही सारी आश्वासने बेनेट यांना जानेवारी १९३५ मध्ये, निवडणूक तोंडावर आल्यावर, रेडिओवरून सुचली, हेही लिहा.

खडूफळा
उशीर झाला, हे मान्य. परंतु ऑक्टोबरमध्ये जिंकलेल्या किंग यांनी ते कायदे राबवण्याऐवजी न्यायालयाच्या मतासाठी पाठवले, आणि १९३७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या कॅनडाच्या अंतिम अपील न्यायालयाने, त्यांपैकी बहुतेक प्रांतांच्या अधिकारावरील अतिक्रमण म्हणून रद्द ठरवले. मग किंग यांनी प्रांतांची संमती मिळवून १९४० मध्ये घटनादुरुस्ती करून घेतली आणि विमा आणला, तोवर महायुद्धाने कारखाने भरून टाकले होते. छावण्या मात्र त्यांनी १९३६ मध्येच बंद केल्या. माझ्या मते तुलना करायची ती याचीच, की अधिकार नाही हे दिसत असताना एकाने कायदा रेटला आणि दुसऱ्याने अधिकार मिळेपर्यंत वाट पाहिली. पक्षाच्या नावावरून यातले काहीच ओळखता येत नाही.

सोनेनाणे
त्या काळात हिंदुस्थानातून किती सोने बाहेर गेले, याचा विचार कोणी करील का? १९३१ मध्ये पौंडाने सुवर्णमान सोडल्यानंतर आपल्या शेतकऱ्यांनी घरातले दागिने मोडले.

हिमवर्षा
तो निबंध पुढच्या वर्षी. खडूफळा, मनापासून आभार. मुलीने पाच सेंटच्या नाण्यापासूनच नव्याने लिहायला घेतले आहे. एक अडचण उरली. नातवंडांना थंडीचे कपडे नाहीत, नवऱ्याला काम नाही, अशी पत्रे लोक बेनेट यांना लिहीत आणि हा धनाढ्य वकील कित्येकांना स्वतःच्या खिशातून दोन-पाच डॉलर पाठवीत असे, हे तिने वाचले आहे. ज्याच्या नावाने बग्गी निघाली त्याचेच हे पाच डॉलर, आणि ते नेमके कुठे बसवावेत, हे तिला कळत नाही.

खडूफळा
छावणीतल्या २० सेंटच्या शेजारी. तिथे ते आपोआप बोलतील.

रकानेवाला
त्यासाठी तिसरा रकाना करावा.