‘कोब्रा काई’ लावण्याआधी जुने ‘कराटे किड’ किती बघावे लागतील?

वाचनवेडी
दोन मुलांबरोबर (वय १२ आणि १५) ‘कोब्रा काई’ सुरू करायचंय. जुने चित्रपट दोघांनीही पाहिलेले नाहीत. थेट मालिका लावली तर काही अडेल का? तिसरा चित्रपट अगदीच टाकाऊ आहे असं जिथे तिथे वाचलंय, तो गाळला तर चालेल? दुसरं म्हणजे त्यातलं कराटे कितपत खरं आहे? धाकटा क्लासला जातो, तो पाहिलेलं सगळं करून बघणार हे ठरलेलंच. आणि त्या शेवटच्या क्रेन किकवरून अजून भांडणं का होतात, ती नियमात बसते की नाही? उत्तरात कथानक फुटलं तरी माझी हरकत नाही.

जुनीरिळं
ताई, १९८४चा पहिला चित्रपट आधी हवाच, त्याला पर्याय नाही. मालिकेचा सगळा डाव त्यावर उभा आहे. त्यातल्या कराटे स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नायक डॅनियलकडून हरलेला जॉनी चौतीस वर्षांनी कुठे आहे, इथून ती सुरू होते. पुढे जॉनी त्याचा शिष्य मिगेल याला जुनी हकिगत स्वतःच्या बाजूने सांगतो, तेव्हा मूळ प्रसंग डोळ्यासमोर नसेल तर त्यातली गंमतही कळत नाही आणि बोचही. जुन्या चित्रपटाचे तुकडे मालिकेत येतात खरे (दोन्हीकडे सोनीच असल्यामुळे ते वापरता आले), पण ते आठवण करून देण्यापुरते. गोष्ट समजायला ते पुरत नाहीत.

बाकीचे चित्रपट एकदम बघून संपवू नका, मध्ये मध्ये पेरा. पहिला चित्रपट, मग सीझन १ आणि २. तिसऱ्या सीझनआधी १९८६चा दुसरा भाग, कारण डॅनियल ओकिनावाला जातो आणि त्या भागातली त्याची मैत्रीण कुमिको नि वैरी चोझेन परत भेटतात. भूमिकेत तेच मूळ कलाकार आहेत, टॅमलिन टोमिटा आणि युजी ओकुमोटो. चोझेन पुढे मालिकेतलं सगळ्यात लाडकं पात्र होतो. तो आधी किती वाईट वागला होता हे माहीत असलं की त्याची मजा दुप्पट.

तिसरा भाग (१९८९) रटाळ आहे, वादच नाही. पण चौथ्या सीझनआधी तो बघाच. खलनायक टेरी सिल्व्हर तिथला आणि पाचव्या सीझनमध्ये उगवणारा डॅनियलचा प्रतिस्पर्धी माइक बार्न्सही तिथलाच. सिल्व्हर दिसताच डॅनियलच्या तोंडचं पाणी का पळतं, हे मालिका दोन वाक्यांत उरकते. मुलं कंटाळली तर मधलं रोपट्यांचं दुकान वगैरे पुढे सरकवा, पण सिल्व्हर डॅनियलला शिकवतो ते प्रसंग आणि अंतिम सामना सोडू नका. जाता जाता एक गंमत: सिल्व्हर झालेला थॉमस इयन ग्रिफिथ हा शाळकरी डॅनियल झालेल्या राल्फ माचिओपेक्षा काही महिन्यांनी लहान आहे!

१९९४चा हिलरी स्वँकवाला चित्रपट वगळा, मालिका त्याला हात लावत नाही. २०१०चा जॅकी चॅनचा बीजिंगमध्ये घडतो आणि नावात कराटे असलं तरी त्यात शिकवतात कुंग फू. तो धागा या गोष्टीला जोडला गेला थेट २०२५च्या ‘कराटे किड: लेजंड्स’ या चित्रपटात, त्यामुळे ते दोन्ही सगळ्यात शेवटी.

मालिकेचे एकूण ६५ भाग आहेत: पहिले पाच सीझन दहा-दहा भागांचे, सहावा पंधराचा. बहुतेक भाग अर्ध्या तासाच्या आगेमागे. पहिले दोन सीझन यूट्यूबच्या सशुल्क सेवेवर आले होते (२०१८ आणि २०१९), मग नेटफ्लिक्सने घेतली. जॉनीच्या तोंडी शिव्या आणि अचकट विनोद भरपूर. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात शाळेत मोठी मारामारी होते आणि एक मुलगा वरच्या मजल्यावरून पाठीवर पडतो, तो भाग धाकट्याबरोबर स्वतः बसून बघा. शक्य असेल तर मूळ इंग्रजी आवाज ठेवून खाली सबटायटल्स लावा. डॅनियलचे गुरू मियागी यांचं तुटक, तोलून बोलणं डबिंगमध्ये हरवतं.

मवाशीउके
कराटेच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून. मियागी डॅनियलला शिकवतात ती मियागी-डो ही कल्पित शैली असली तरी तिची मुळं गोजू-र्यू या ओकिनावाच्या खऱ्या कराटे शैलीत आहेत. पटकथाकार रॉबर्ट मार्क केमन स्वतः गोजू-र्यू शिकलेले, आणि ‘मियागी’ हे नाव त्या शैलीचे संस्थापक चोजुन मियागी (१८८८–१९५३) यांच्यावरून आलं. समोरची बाजू, म्हणजे जॉनीचा कोब्रा काई हा क्लास, वेगळी आहे. मूळ चित्रपटातल्या मारामाऱ्या बसवणारे पॅट जॉन्सन टांग सू डो या कोरियन पद्धतीचे. अंतिम सामन्यातले पंचही तेच आहेत, नीट बघा. म्हणून कोब्रा काईच्या मुलांच्या लाथा जास्त आणि उंच दिसतात. मालिकेने नंतर कोब्रा काईचा गुरू क्रीज याच्या विद्येचं मूळ कोरियात नेलं, ते इथे चपखल बसतं.

मियागी डॅनियलला घरकामं करायला लावून कराटे शिकवतात, त्यातलं गाडीला मेण लावणं निव्वळ चमत्कार नाही. बाहेरच्या बाजूने फिरणारा हात म्हणजे गोल अडवणं, गोजू-र्यूतल्या मवाशी उकेच्या जवळचं. कुंपण रंगवताना मनगट वर-खाली जातं, घर रंगवताना हात आडवा जातो आणि जमीन घासताना खालचा वार झटकला जातो. चित्रपटात एक गोष्ट मात्र गाळली आहे. नुसत्या आवर्तनांनी हाताला वळण लागतं, पण समोरून ठोसा कधी निघतो हे ओळखणं त्यातून येत नाही, त्याला जोडीदारच लागतो. घरी करून बघणार असेल तर कोपर बरगडीपासून साधारण मूठभर अंतरावर ठेवायला सांगा. वर्तुळ खांद्याच्या रुंदीबाहेर गेलं की छाती उघडी पडते. मुलं हमखास करतात ती दुसरी चूक म्हणजे खांदा उचलून हात फिरवणं. त्याने ताकद जाते आणि मान आखडते.

क्रेन किक म्हणजे उडी मारून घातलेली समोरची लाथ. एक गुडघा आधीच वर असतो, तो खाली झटकताना उभा पाय वर जातो आणि लाथ त्याच पायाची बसते. डॅनियलचा दुखावलेला पाय वर आहे आणि लाथ चांगल्या पायाची. उतरायचं मात्र दुखऱ्या पायावर, हे कुणी बोलत नाही. एका पायावर स्थिर उभं राहून दोन्ही हात पसरले की बरगड्या मोकळ्या आणि उभा पाय झाडायला आयता, म्हणून ती पोज कुणी सामन्यात घेत नाही. लाथ स्वतः खोटी नाही. एप्रिल २०११मध्ये टोरंटोच्या यूएफसी १२९ या मिश्र युद्धकलेच्या स्पर्धेत ल्योटो माचिडाने रँडी कूट्युअरला याच जातीच्या उडत्या लाथेने आडवं केलं. पण त्याने आधी काही जाहीर केलं नव्हतं!

सराव मॅटवरच, आणि लक्ष्य म्हणून हातातलं पॅड पोटाच्या उंचीवर. लहान भावंडाचं तोंड नव्हे. उतरताना आधी चवडा, मग टाच, गुडघा वाकलेला. सरळ पायाने उतरलं की सगळा दणका गुडघ्यात जातो.

तिसरापंच
नियमांचं बोलू. चित्रपट स्वतःचे नियम स्वतःच सांगतो: कंबरेच्या वर मारलं की गुण, डोकंही चालतं, तीन गुण आधी घेईल तो जिंकला. डॅनियलची मैत्रीण अली हे त्याला समजावते तो संवाद मुलांना दाखवा. त्या हिशोबाने क्रेन किक वैध आहे. अवैध होते ते आधीचे दोन वार: कोब्रा काईच्या बॉबीने गुडघ्यावर मारलं आणि तो बाद झाला, अंतिम सामन्यात जॉनीने दुखऱ्या पायावर कोपर मारलं आणि त्याला ताकीद मिळाली. किक अवैध म्हणणारे बाहेरचा नियम आत आणतात. गुणांच्या कराटेत चेहऱ्यावर पूर्ण जोराने मारणं हा दोष असतो. आजच्या जागतिक महासंघाच्या नियमांत डोक्याला नियंत्रित लाथ म्हणजे इप्पोन, ३ गुण. तीच लाथ जोरात बसून समोरचा कोसळला तर गुण मिळणं सोडा, मारणाऱ्यालाच दंड होऊ शकतो. म्हणजे १९८४च्या त्या मॅटवर डॅनियल विजेता, आणि आजच्या स्पर्धेत तीच लाथ घातली असती तर कदाचित बाहेर. दोन्ही बाजू खऱ्या आहेत म्हणून भांडण मिटत नाही. किक अवैध होती ही जॉनीची तक्रार लेखकांनी मालिकेत मुद्दाम जिवंत ठेवली आहे.

चौकटीबाहेर
थोडं चित्रणाबद्दल, कारण मुलं “हे लागत कसं नाही?” असं विचारणारच. ठोसा चेहऱ्यापासून वीतभर लांबून जातो. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे असतो, त्यामुळे ते अंतर चपटं होऊन दिसेनासं होतं. कॅमेरा बाजूला सरकला की फट उघडी पडते. मान झटकायला क्षणभर उशीर झाला तरी शॉट वाया, आणि ती चूक आवाज घालून झाकता येत नाही. म्हणून वाईट मारामारीत दर सेकंदाला कट असतो.

मालिकेतल्या मारामाऱ्या बसवणारे हिरो कोडा आणि जानेल कर्फमन यांचं काम याच कसोटीवर बघा. दुसऱ्या सीझनच्या त्या शाळेच्या मारामारीत कॅमेरा गर्दीतून बराच वेळ न तुटता फिरतो. इतका लांब शॉट घ्यायचा तर नटांना हालचाली पाठ असाव्याच लागतात. डुप्लिकेट ओळखायचा असेल तर लाथेच्या क्षणी चेहरा दिसतो का ते बघा: पाठ, उडते केस किंवा नुसता पाय दिसला की शंका घ्यायची. पन्नाशी ओलांडलेल्या नटांच्या बाबतीत हे जास्त दिसतं आणि त्यात गैर काही नाही.

माझी खरी तक्रार शेवटच्या सीझन्सबद्दल आहे. जुना खलनायक आणायचा, मग सुधारायचा, मग पुढचा आणायचा, ही युक्ती तिसऱ्यांदा वापरली की धार जाते. पहिल्या सीझनचा पाचवा भाग बघा, डॅनियल मियागींच्या कबरीशी जातो तो. मियागी साकारणारे पॅट मोरिटा २००५मध्ये गेले, त्यांच्या जागी कुणाला उभं न करता त्यांची उणीवच गोष्टीत घेतली. जुनं पुन्हा आणण्याची खरी रीत ती.

वाचनवेडी
सगळ्यांचे आभार, क्रम लिहून घेतला. मोठ्याला याहून गंभीर काही हवं असेल तर?

जुनीरिळं
‘वॉरिअर’ ही मालिका. ब्रूस लीच्या जुन्या लिखाणावर बेतलेली, १८७०च्या दशकातलं सॅन फ्रान्सिस्को, २०१९पासून तीन सीझन. मारामारी अव्वल आहे. पण रक्त आणि नग्नता इतकी आहे की पंधराव्या वर्षी नकोच, तीन-चार वर्षं थांबवा त्याला.