आनंदीबाईंचा दगड धुण्याआधी

प्रेषक: अ. कु., सांस्कृतिक समिती
विषय: ३१ मार्च, पोकीप्सीला आनंदीबाईंच्या स्मृतिस्थळी

मंडळी, नमस्कार.

३१ मार्चला डॉ. आनंदीबाई जोशींची जयंती. या वर्षी सभागृहात भाषणं ठेवण्याऐवजी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी रूरल सेमेटरी या दफनभूमीत जावं, असं समितीत ठरतंय. ग्रँड सेंट्रलहून गाडीनं दोन तासांचा रस्ता. आनंदीबाईंना अमेरिकेत आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्या कुटुंबाच्या जागेत आनंदीबाईंच्या अस्थी आहेत आणि त्यावर दगड आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत आहे, पण पाहिलेलं फार थोड्यांनी.

नुसता हार घालून परत यायचं नाही, तर दगड स्वच्छ करून यायचं, असा विचार आहे. ब्लीच, तारेचे ब्रश आणि एका सभासदाच्या घरचं प्रेशर वॉशर एवढं सामान जमलंय. अक्षरं पुसट दिसत असतील तर काळ्या रंगानं ठळक करू. आनंदीबाई सवाष्ण गेल्या, म्हणून हळदकुंकू वाहून ओटी भरावी आणि तेलाचा दिवा लावावा, अशी काही काकूंची इच्छा आहे. मुलांना कागद आणि क्रेयॉन देऊन अक्षरांचे ठसे घ्यायला लावू.

आणखी काय न्यावं, ते कळवा.

अ. कु.

*

प्रेषक: सु. दे.
विषय: उत्तर: ३१ मार्च, पोकीप्सीला आनंदीबाईंच्या स्मृतिस्थळी

प्रिय अ. कु. आणि मंडळी,

बेत वाचून फार बरं वाटलं. जयंतीला अवश्य जाऊ या, मीही येते. पण त्या दिवशी दगडाला पाणीसुद्धा लावू नये, असा माझा आग्रह आहे. पत्र लांबेल, तरी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या गावच्या जुन्या दफनभूमीत दगडांची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे. शेवाळलेला दगड तसाच राहू दिला तर आणखी कित्येक वर्षं काही बिघडत नाही. उलट, हौसेनं घासून काढलेल्या दगडाचा वरचा थर एका दुपारीत निघून जातो आणि तो पुन्हा कधीही येत नाही. असे दगड मी पाहिले आहेत. त्यावर कोणाचं नाव होतं, हे आता कोणालाच सांगता येत नाही. आनंदीबाईंच्या बाबतीत आपल्या हातून असं होऊ नये, म्हणून एवढं लिहिते आहे.

पहिली गोष्ट परवानगीची. २६ फेब्रुवारी १८८७ ला आनंदीबाई पुण्यात गेल्या, तेव्हा वयाची २२ वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यानंतर त्यांच्या अस्थी समुद्रापार पाठवल्या गेल्या आणि कार्पेंटरमावशींनी त्या आपल्या घराण्याच्या जागेत ठेवल्या. त्या काळात एका परक्या, परधर्माच्या मुलीला आपल्या माणसांच्या शेजारी कायमची जागा देणं ही केवढी मोठी गोष्ट! पण म्हणूनच ती जागा मंडळाची नाही, कार्पेंटरांची आहे. इथल्या बहुतेक दफनभूमींत ‘पर्पेच्युअल केअर’ म्हणजे कायमच्या देखभालीच्या निधीतून गवत, झाडं आणि रस्ते यांची निगा राखली जाते, दगड मात्र त्या त्या कुटुंबाचा समजला जातो. तेव्हा आधी कार्यालयाला लेखी विचारा. धुण्याची मुभा आहे का, कुटुंबाच्या वारसांची संमती लागेल का, फुलं आणि दिवे यांचे नियम काय, हे सगळं एकदमच विचारून घ्या. आणि संमती मिळालीच, तर आपण फक्त आनंदीबाईंचा दगड धुऊन निघून यायचं नाही. त्या जागेतले कार्पेंटरांचे दगडही तितक्याच काळजीनं धुवायचे. ते आपल्याकडून राहून गेलेलं देणं आहे.

दुसरी गोष्ट हवामानाची. मार्चअखेर हडसनच्या खोऱ्यात रात्री पाणी गोठतं. पाण्याचं बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. दगडाच्या रंध्रांत शिरलेलं पाणी असं फुगलं की आतून पापुद्रे सुटतात. धुतल्यावर दोन दिवस तरी पारा गोठणबिंदूच्या जवळ जाणार नाही, अशीच वेळ निवडावी लागते. शिवाय नळ फुटू नयेत म्हणून बऱ्याच दफनभूमींत हिवाळाभर पाणी बंद असतं, ते एप्रिल-मेमध्ये सुरू होतं. म्हणून ३१ मार्चला फक्त दर्शन, आणि धुण्याचं काम मेच्या मध्यावर.

आता सामान. प्रेशर वॉशर घरीच राहू दे. गाडीचा रस्ता धुवायला तो ठीक आहे, पण दगडावर त्याचं पाणी जिथे आपटतं तिथले कण उडवतं. तारेचा ब्रश ओरखडे पाडतो आणि तारेचे तुटलेले तुकडे रंध्रांत अडकून गंजतात, मग त्यांचे तांबूस डाग पडतात. स्टीलच्या घासणीचंही तेच. आणि ब्लीच तर मुळीच नको. ब्लीचनं दगड तासाभरात पांढराशुभ्र दिसतो, म्हणून लोकांना मोह पडतो. पण त्यातले क्षार दगडात राहून जातात. दगड वाळला की आत त्यांचे स्फटिक होतात, ओला झाला की विरघळतात, पुन्हा वाळला की पुन्हा स्फटिक. दर फेरीला पृष्ठभाग थोडा थोडा ढिला होत जातो. नुकसान वर्षा-दोन वर्षांनी दिसतं, तेव्हा ब्लीच कोणी लावलं होतं हे कोणाच्या लक्षातही नसतं.

व्हिनेगर, लिंबू, बाथरूमचं ॲसिड यांचं संगमरवराशी वैर आहे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लानं तो विरघळतोच. शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं की तेवढाच भाग निस्तेज होतो, हे आपण सगळ्यांनी घरी पाहिलंय. तोही चुनखडीचाच प्रकार. पावसातलं आम्लही शतकभर हेच करत आलंय. म्हणून हाताला काम लागण्याआधी दगड ओळखायचा. जुना संगमरवर पांढरा-करडा असतो, कडा गोलसर झालेल्या असतात, अक्षरं उथळ झालेली असतात. त्यावर बोट अलगद फिरवलं आणि बोटाला रवाळ भुकटी लागली, तर तिथेच थांबायचं. असा दगड धुवायचा नाही, फक्त फोटो काढायचे आणि दगडांच्या जतनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाला दाखवायचा. ग्रॅनाइट पुष्कळ सोसतो, पण घासायची घाई त्यावरही नको. टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला किंवा कुठे चीर दिसली, तरी हात लावायचा नाही.

दगड भक्कम असेल तर काम अगदी साधं आहे. भरपूर स्वच्छ पाणी, प्लॅस्टिकच्या बादल्या, हातपंपाचा फवारा, मऊ नायलॉनचे ब्रश आणि लाकडी पट्ट्या. भांडी घासायचा काथ्या नको, तो राठ असतो. आधी दगड पूर्ण भिजवायचा. दगडफूल चिकटलेलं असेल तर ते पाण्यानं फुगू द्यायचं आणि लाकडी पट्टीनं हलकेच उचलायचं. त्याचे तंतू दगडात शिरलेले असतात, म्हणून कोरडं खरवडलं तर दगडाचे कण घेऊनच ते निघतं. घासायचं खालून वर. वरून सुरुवात केली तर मळकट ओघळ खालच्या कोरड्या भागात मुरतात आणि त्यांच्या रेषा राहतात. मधेमधे पाणी मारत राहायचं.

एवढ्यानं भागलं नाही तरच डी/२ नावाचं शेवाळ मारणारं द्रावण. इथल्या राष्ट्रीय लष्करी दफनभूमींत ते वापरतात. नॅशनल पार्क सर्व्हिसचं लुइझियानात जतन-तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, त्यांनीही संगमरवरी कबरींवर निरनिराळी द्रावणं लावून वर्षानुवर्षं तपासणी केली आहे. डी/२ फवारायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मऊ घासायचं, धुवायचं. ते पुढे कित्येक आठवडे काम करत राहतं. अधूनमधून दगडावर केशरी छटा येते, ती आपोआप जाते. तेव्हा त्याच दिवशी दगड पांढरा दिसावा असा हट्ट धरायचा नाही. आणि एकदा धुतला की पुढची काही वर्षं त्याला हात लावायचा नाही. दर जयंतीला धुणं म्हणजे दर जयंतीला थोडा दगड झिजवणं.

अक्षरं रंगवू नका. आपल्याकडे कितीतरी गावांत वीरगळांवर ऑइल पेंट चढवलाय. त्याखाली घोडेस्वार आहे की गाई सोडवणारा वीर, हे आता अंदाजानं सांगावं लागतं. ज्यांनी रंगवलं त्यांनी भक्तीनंच रंगवलं, तरी शिल्प गेलंच. मुलांना ठसेही घ्यायला लावू नका. कागदावर दाब पडतो, क्रेयॉन बाहेर जातो, आणि कितीतरी ठिकाणी त्यावर बंदीच आहे. त्यापेक्षा एक मोठा आरसा न्या. एका मुलानं आरसा धरून ऊन दगडावर बाजूनं तिरपं पाडायचं, दुसऱ्यानं फोटो काढायचा. न दिसणारं अक्षर सावलीनं उठून येतं. ‘शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री’ या अर्थाची ओळ त्यांनी स्वतः अशी वाचली, तर त्यांना ती जन्मभर आठवेल.

ओटीबद्दल. काकूंची इच्छा मला मनापासून पटते. खण, नारळ, तांदूळ दगडासमोर ताटात ठेवून ओटी भरा, आणि निघताना सगळं उचलून आणा. दगडाला मात्र हळद, कुंकू, तेल, दही काहीही लावू नका. हळद उन्हानं फिकट होते, पण बाजारी कुंकवातला रंग आणि तेल संगमरवरात खोल मुरतात. तेलावर मग धूळ बसते आणि काळा डाग पडतो, तो काढणं तज्ज्ञांनाही जड जातं. दह्यात आम्ल असतंच. नारळ दगडावर वाढवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. उघड्या ज्योतीला इथे बहुधा परवानगी नसते, म्हणून बॅटरीचा दिवा न्या.

सु. दे.

*

प्रेषक: नी. पा.
विषय: उत्तर: ३१ मार्च, पोकीप्सीला आनंदीबाईंच्या स्मृतिस्थळी

सु. दे. ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझा प्रश्न घरचाच आहे. ह्यांच्या अस्थींचा काही भाग इथल्या दफनभूमीत आहे. जमिनीलगत बसवलेला काळा, चकचकीत ग्रॅनाइट आहे, त्यावर देवनागरीत नाव आणि तुकोबांची एक ओळ आहे, कोपऱ्यात ह्यांचा चेहरा कोरलाय. वेलांट्या आणि अनुस्वार मातीनं भरून जातात. मुलगा दरवेळी खोबरेल तेलाचा बोळा फिरवतो, तेवढ्यापुरता दगड छान काळा दिसतो. दगड एका बाजूनं खचलाही आहे. काय करावं?

नी. पा.

*

प्रेषक: सु. दे.
विषय: उत्तर: ३१ मार्च, पोकीप्सीला आनंदीबाईंच्या स्मृतिस्थळी

नी. पा. वहिनी,

तुमच्या मुलाची माया त्या तेलात आहे, हे मला कळतं. तरी तेल थांबवायला सांगा. चकाकी चार दिवस टिकते आणि नंतर त्याच तेलावर गवताचे तुकडे, परागकण आणि धूळ चिकटून अक्षरं जास्त लवकर भरतात. त्याऐवजी साधं पाणी आणि मऊ सुती फडकं घ्या. जुनं तेल बसलंच असेल तर दगड विकणाऱ्यांकडे पीएच न्यूट्रल साबण मिळतो, तो पुष्कळ पाण्यात पातळ करून लावा आणि नीट धुऊन काढा. घरातला भांड्यांचा साबण नको.

अनुस्वारातली माती पाण्यानं भिजू द्या आणि बांबूच्या बारीक काडीनं काढा. सुई किंवा चाकू नको. चेहरा बहुधा लेझरनं कोरलेला असेल. ते कोरीवकाम अगदी वरवरचं असतं, त्यावर ब्रश नकोच, ओलं फडकं टेकवून उचला. अक्षरांत रंग भरलेला असेल आणि तो उडत असेल, तर दगड ज्यांनी घडवला त्यांच्याकडूनच पुन्हा भरून घ्या.

खचलेला दगड मुलानं स्वतः उचलू नये. ग्रॅनाइटचं वजन घनफुटाला १७० पौंडांच्या आसपास असतं, छोटा दिसणारा दगडही पाठ मोडतो, बोटं चिरडतो. कार्यालयाला सांगा, त्यांची माणसं दगड उचलून खाली खडीचा थर देतात आणि पातळीत बसवतात. खाली सिमेंट ओतू देऊ नका, बर्फात जमीन हलते तेव्हा दगडाला हलायला वाव लागतो. आणि गवत कापणाऱ्यांना एवढी विनंती करा, की दगडाच्या कडेला दोरीचं यंत्र फिरवू नये. कडेचं गवत आपण कात्रीनं कापू, असं कळवा. माझ्या पाहण्यात वाऱ्यापावसापेक्षा त्या यंत्रांनीच जास्त दगडांच्या कडा उडाल्या आहेत. तणनाशकही मारू देऊ नका, त्यातले क्षार ब्लीचसारखेच आत शिरतात.

मे महिन्यात पोकीप्सीचं झाल्यावर मी तुमच्याकडे येते. मुलालाही थांबायला सांगा, दोघं मिळून करू.

सु. दे.

*

प्रेषक: अ. कु., सांस्कृतिक समिती
विषय: बदललेला बेत, सर्वांनी वाचावा

मंडळी,

सु. दे. काकूंच्या पत्राप्रमाणे बेत बदलला आहे. ३१ मार्चला दर्शन, ताटात ओटी, आरशानं वाचन आणि फोटो. फोटोंत कार्पेंटरांचे सगळे दगड घ्यायचे, प्रत्येकाचा समोरून एक आणि बाजूनं एक, म्हणजे पुढच्या वर्षी काय बदललं ते ताडून पाहता येईल. दगडांना कोणी हात लावणार नाही.

सेमेटरीच्या कार्यालयाला पत्र आज जातंय, मसुदा काकूंनी तपासलाय. संमती आली तरच मेच्या तिसऱ्या शनिवारी धुण्याचं काम, तेही त्या आठवड्याचं रात्रीचं तापमान बघून. त्याआधी काकू आपल्या गावात एक शनिवार शिकवतील. जे तिथे येतील तेच मेमध्ये ब्रश धरतील, बाकीच्यांनी पाणी आणायचं.

मऊ नायलॉनचे ब्रश मंडळ घेईल. पाच गॅलनच्या प्लॅस्टिकच्या बादल्या, मोठा आरसा आणि हातपंपाचे फवारे कोणाकडे आहेत? फवाऱ्यात पूर्वी तणनाशक भरलेलं असेल तर तो आणू नका. रविवारपर्यंत कळवा.

अ. कु.