प्रतिसाद: ब्राउनच्या पाठीराख्यांची पत्रं

अहिंसेचा आग्रह धरणारा गुलामगिरीविरोधी संपादक विल्यम लॉइड गॅरिसन याच्यामुळे अमेरिकेतले सगळेच गुलामगिरीविरोधक अहिंसावादी होते, असं इथे कुणीतरी म्हटलं आहे; हा मुद्दा १८५९च्या पत्रांपुढे टिकत नाही. गुलामांचा सशस्त्र उठाव घडवू पाहणाऱ्या जॉन ब्राउनला व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी इथल्या सरकारी शस्त्रागारावरच्या हल्ल्यासाठी पैसा आणि शस्त्रं पुरवणारे सहा जण होते: गेरिट स्मिथ, थिओडोर पार्कर, हिगिन्सन, हाउ, सॅनबॉर्न आणि स्टर्न्स. धर्मोपदेशक, डॉक्टर, शिक्षक, उद्योगपती अशी ही प्रतिष्ठित मंडळी. हल्ला फसला, ब्राउनच्या मेरीलँडमधल्या शेतघरात पत्रव्यवहार सापडला आणि बहुतेकांची धावपळ उडाली. हाउ, स्टर्न्स, सॅनबॉर्न कॅनडात गेले, स्मिथ मनोरुग्णालयात दाखल झाला. हिगिन्सन मात्र जागचा हलला नाही, आणि त्याने पत्रंही जपून ठेवली. आज हा कट तपशिलात कळतो त्याचं बरंचसं श्रेय त्याला आहे, म्हणून मला या सहांत तोच सर्वांत मोठा वाटतो.

पार्करचं पत्रही जरूर वाचा. क्षयाने खंगलेला पार्कर तेव्हा रोममध्ये होता. तिथून त्याने बोस्टनमधला गुलामगिरीविरोधक फ्रान्सिस जॅक्सन याला लिहिलं: गुलाम म्हणून डांबलेल्या माणसाला, त्याच्या स्वातंत्र्याच्या आड येणाऱ्याला ठार मारण्याचा नैसर्गिक हक्क आहे. एका धर्मोपदेशकाने हे इतकं उघड लिहावं!

उलट गुलामगिरीविरोधी लेखिका लिडिया मारिया चाइल्ड. तुरुंगातल्या जखमी ब्राउनला तिने कळवलं की शांततेवर विश्वास असल्याने तुमचा मार्ग मला पटत नाही, पण तुमची शुश्रूषा करायला यायचं आहे. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरशी झालेला तिचा पत्रव्यवहार पुढे पुस्तिकारूपाने लाखोंच्या संख्येने छापला गेला.