‘द अनटेम्ड’ची मराठी सबटायटल्स: ‘मित्र’, ‘सखा’ की ‘जिवलग’?

नळस्टॉप

एरंडवण्यात आमचा चौदा जणांचा गट ‘द अनटेम्ड’ ही चिनी मालिका बघायला बसणार आहे. दर शनिवारी दोन भाग, म्हणजे ५० भागांना २५ शनिवार. गटातल्या निम्म्या मावश्या-काकांना इंग्रजी सबटायटल्स वाचणं जड जातं, म्हणून फक्त मजकुराची मराठी फाइल करतोय. चिनी थोडं वाचता येतं, आधार मात्र इंग्रजीचा आहे. तीन ठिकाणी अडलंय.

१. वेई वूश्येन आणि लान वांग्जी या दोन नायकांच्या नात्यासाठी चिनीत ‘चिजी’ शब्द येतो. इंग्रजीत तो कुठे सोलमेट, कुठे कॉन्फिडंट असा बदलत राहतो. मराठीत काय ठेवावं? ‘मित्र’ म्हटलं की सगळं सपाट होतं आणि ‘प्रियकर’ तर मालिका कुठेच म्हणत नाही.

२. चिनीत दोघं एकमेकांना कायम ‘नी’ (तू/तुम्ही) म्हणतात. मराठीत तू की तुम्ही?

३. टीव्हीवर जोडाक्षरं फुटतात आणि मराठी ओळ खालच्या चिनी अक्षरांवर चढते.

अनुस्वार

पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण सगळं काम त्यावर उभं आहे.

मालिका २०१९ ची. ज्या वेब कादंबरीवरून ती केली, तिच्यात या दोघांचं प्रेम उघड आहे. पडद्यावर ते तसं दाखवता येणार नव्हतं. चीनमध्ये समलिंगी संबंध १९९७ पासून गुन्हा नाहीत, पण पडद्याचे नियम वेगळे. २०१६ मध्ये ‘ॲडिक्टेड’ ही दोन मुलांच्या प्रेमाची १५ भागांची मालिका १२ भागांनंतर तिथल्या संकेतस्थळांवरून काढली गेली. २०१७ च्या ऑनलाइन नियमावलीत समलैंगिकता ‘असामान्य’ संबंधांच्या यादीत आली. त्यामुळे ‘द अनटेम्ड’च्या लेखकांनी प्रेमाचा शब्द टाळला आणि बाकी सगळं ठेवलं: नजर, मौन, एकत्र वाजवलेली धून, सोळा वर्षांची वाट. या सगळ्याचा भार त्यांनी ‘चिजी’ या एका शब्दावर टाकला. तो पळवाटेसाठी बनवलेला शब्द नाही, फार जुना आहे. शब्दशः ‘मला जाणणारा’. त्याच्याबरोबर बोया आणि चोंग त्झछी यांची जुनी कथा आठवते. बोया तंतुवाद्य वाजवायचा आणि मनात डोंगर आहे की नदी, ते त्झछी नुसतं ऐकून ओळखायचा. त्झछी गेल्यावर बोयाने तारा तोडल्या आणि पुन्हा वाद्याला हात लावला नाही. मालिकेतही एक जण बासरी वाजवतो, दुसरा तंतुवाद्य. चिनी प्रेक्षकाला हा दुवा सांगावा लागत नाही.

मग मराठीत? ‘सखा’ला कृष्णार्जुनाचा वास येतो, भक्ती आत शिरते. ‘जिवश्चकंठश्च’ घट्ट मैत्री सांगतो, पण त्याला गप्पांच्या अड्ड्याचा सूर आहे. ‘आत्मसाथी’ इंग्रजीवरून बनवल्यासारखा वाटतो. मी ‘जिवलग’ वापरीन. आपल्या भावगीतांत जिवलग प्रियकराला म्हणतात, देवालाही म्हणतात, आणि रोजच्या बोलण्यात मित्रालाही. ऐकणाऱ्याने कुठला अर्थ घ्यायचा हे शब्द ठरवत नाही, आणि ‘चिजी’ही ठरवत नाही. त्यातून तो लहान आहे, ओळीत सहज बसतो.

एक पथ्य पाळा: शब्द एकदा ठरला की ५० भागांत तोच. वेई म्हणतो, ‘एके काळी मी तुला आयुष्यभराचा जिवलग मानलं होतं’, आणि लान उत्तर देतो, ‘आजही आहे’. पहिल्या ओळीत जिवलग लिहून पुढच्या एखाद्या भागात सखा लिहिलात, तर प्रेक्षकाला धागा सापडणार नाही.

आणि अर्थ दोन्ही बाजूंनी सांभाळा. ‘भाऊ’, ‘दोस्त’ घालून नातं पुसणं जितकं चूक, तितकंच ‘प्रिय’, ‘प्रीती’ घालून पडद्यावर नसलेलं बोलायला लावणं चूक. झाकलेलं नीट दिसेल इतकंच आपलं काम.

पाठभेद

‘जिवलग’शी सहमत. तू-तुम्हीचं उत्तर नावांत आहे.

प्रत्येकाला दोन नावं आहेत. वेई यिंग हे जन्मनाव, वूश्येन हे मोठेपणी मिळालेलं मानाचं नाव. लान चान जन्मनाव, वांग्जी मानाचं. बरोबरीच्या माणसाला मानाच्या नावाने हाक मारायची असते. जन्मनाव वडीलधाऱ्यांनी घ्यावं, किंवा फार जवळच्याने. परक्याने घेतलं तर तो उद्धटपणा. वेई ‘लान चान’ म्हणतो ते आधी खोडी म्हणून. लान मात्र त्याला ‘वेई यिंग’ म्हणतो आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहतो, बाकीचं जग ‘वेई वूश्येन’वर थांबलेलं असताना. म्हणून नियम सोपा ठेवा: जन्मनाव आलं की ‘तू’, ‘कुमार’ किंवा मानाचं नाव आलं की ‘तुम्ही’. आणि जन्मनावं चुकूनही गाळू नका. इंग्रजीत जागा वाचवायला हाक गाळतात, इथे हाक हाच संवाद आहे.

नात्यांचे शब्द: ‘शृश्योंग’ला आपल्याकडे ‘गुरुबंधू’ हा नेमका शब्द आहे. वेई ज्यांग यानलीला ‘शृज्ये’ म्हणतो, तिचा सख्खा भाऊ ज्यांग छंग ‘आज्ये’. दोन्हीकडे ‘ताई’ करा. सख्खं आणि गुरुकुलातलं हा फरक हरवतो, पण ‘गुरुभगिनी’ तोंडात बसत नाही आणि वेईच्या जिव्हाळ्याला ते थंड पडतं. लान आपल्या थोरल्या भावाशी फार अदबीने बोलतो, तिथे ‘दादा’ आणि ‘तुम्ही’. ‘गोंगत्झ’ या मानाच्या हाकेला ‘राजपुत्र’ करू नका, ही घराणी राजांची नाहीत. ‘कुमार’ चालेल. ‘लानराव’ करण्याचा मोह होतो, पण त्याने माणसं थेट पेशवाईत जाऊन बसतात.

नावांच्या लेखनात तीन सापळे आहेत. ‘वांगजी’ लिहिलं की आपला वाचक ‘जी’ आदरार्थी समजतो, ‘वांगची’ लिहिलं की षष्ठी होते. म्हणून जोडाक्षराने ‘वांग्जी’. ‘लान जान’ लिहिलं तर ‘जान’चा हिंदी अर्थ मधे येतो, आणि नेमक्या याच नावावर तो परवडणार नाही. ‘चान’ लिहा, चक्रातला च. मूळ उच्चाराच्याही तो जवळ आहे. तिसरा सापळा लान घराण्याच्या जागेचा. चिनी नाव थांग काळातल्या एका प्रसिद्ध चार ओळींच्या कवितेतून आलंय, अर्थ ‘ढग इतके दाट की ठावठिकाणा कळू नये’. ‘मेघडंबरी’ सुचेल, पण त्या शब्दाबरोबर रायगड डोळ्यांसमोर येतो. मी ‘मेघकुहर’ ठेवीन.

धागादोरा

तिसऱ्या प्रश्नाचं.

अक्षरं फुटतात त्याचं कारण फाइल नसून प्लेअर असतो. बऱ्याच टीव्हींच्या आतल्या प्लेअरला देवनागरीची जोडणी येत नाही. तो ‘क्त’चे दोन तुकडे करतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर टाकतो. लॅपटॉप एचडीएमआयने जोडा आणि प्लेअर लॅपटॉपवर चालवा. फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये जतन करा. नुसते चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर गडबड एन्कोडिंगची किंवा फॉन्टची, जोडाक्षरं तुटली तर प्लेअरची. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी घ्या, ठळक नको. ठळक केला की काना-मात्रा दुरून चिकटतात.

चिनी अक्षरं चित्रातच छापलेली असतात, ती हलणार नाहीत. आपली ओळ वर न्यावी लागते, आणि एसआरटी या साध्या सबटायटल फाइलमध्ये जागा ठरवायची भरवशाची सोय नाही. एजिसब या सबटायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून एएसएस प्रकारात जतन करा, त्यात जागा ठरवता येते. १०८० उंचीच्या पटावर अक्षराचा आकार ६० च्या आसपास, उभा समास (खालच्या कडेपासूनचं अंतर) १२० ते १३०, काळी किनार ३. शेवटी दोन ओळींचा एखादा संवाद लावून बघा, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो.

लांबी मोजताना सॉफ्टवेअरवर विसंबू नका. ते काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतं. ‘मित्राला’ आपल्याला तीन अक्षरं, त्याला आठ. ओळीला ४२ चिन्हांच्या त्याच्या मर्यादेत राहायला गेलात तर चांगली वाक्यं विनाकारण कापाल. पडद्यावरची अक्षरं मोजा: ओळीला वीसपर्यंत, दोनच ओळी, एक सबटायटल जास्तीत जास्त सात सेकंद, आणि एका शब्दाचं असलं तरी एक सेकंदाच्या फार खाली नको. मावश्या-काकांसाठी कापायचंच असेल तर विशेषणं कापा, क्रियापद ठेवा.

सबटायटल आवाजाचं करा, ओठांचं नाही. या मालिकांत आवाज बहुधा वेगळ्या कलाकारांचे असतात आणि संवाद नंतरही बदलतात. २०२१ च्या ‘वर्ड ऑफ ऑनर’मध्ये ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरं, त्यामुळे चाहते ओठ वाचत बसतात. ते बघणाऱ्यावर सोडा.

नळस्टॉप

मनापासून आभार. ‘जिवलग’ आणि नावांचा नियम घेतला, समास १२५ वर ओळ नीट बसली.

अजून दोन अडचणी. वेई चिडवताना ‘लान अर गगऽ’ म्हणतो, म्हणजे ‘लान घरचे धाकटे दादा’. मराठीत ते कोरडं वाटतं. गटातल्या एकीने ‘अहो’ सुचवलंय. आणि लान आपल्या भावाला म्हणतो की एका माणसाला मेघकुहरात आणायचंय, ती ओळ. इंग्रजीसारखं ‘समवन’ ठेवायला मराठीत ‘एकाला’ लिहिलं की पुरुष ठरतो.

आणखी एक: वेईला थोडी गावाकडची बोली द्यावी का? लान घराण्याचं प्रमाण मराठी आणि त्याचं मोकळं बोलणं, असा फरक दिसेल.

पाठभेद

बोली नको. चिनी आवाजात सगळे प्रमाण भाषाच बोलतात. वेईचा मोकळेपणा स्वभावाचा आहे, प्रदेशाचा नाही, आणि तो शिकलेला आहे. आपल्याकडे बोली आली की पाठोपाठ जात-गाव-वर्ग येतात, ते या गोष्टीत नाहीत. फरक वाक्याच्या लांबीने दाखवा. लान तीन-चार शब्दांत बोलतो, त्याला ‘ना’, ‘की’, ‘बरं का’ देऊ नका. वेईला ते सगळं द्या, अर्धी वाक्यंही द्या. ज्या घराण्यात ३००० नियम दगडावर कोरलेत, तिथला मुलगा आणि हा मुलगा, एवढ्यानेच वेगळे ऐकू येतील.

‘गगऽ’ खरोखर कठीण आहे. चिनीत तो शब्द सख्ख्या भावाला चालतो आणि लाडिक चेष्टेलाही. मराठीत ‘दादा’ म्हटलं की ती वाट बंद होते, कारण आपल्याकडे दादा म्हणणं हे ‘तसलं काही नाही’ असं जाहीर करणं असतं. ‘अहो’ने उलटं होतं, बायकोने नवऱ्याला मारलेली हाक होते आणि मालिकेने झाकलेलं आपण उघडतो. मी ‘धाकटे कुमार’ लिहून पुढे ‘हो’ जोडीन: ‘अहो’ नाही, ‘धाकटे कुमार हो!’ हाक लांबते, खट्याळ होते, नातं मोकळं राहतं. तरी ‘तू-तुम्ही’चा नियम इथे मोडा आणि क्रियापद एकेरीच ठेवा: ‘धाकटे कुमार हो, बघ ना इकडे.’ मान आणि एकेरी एकत्र आले की चिडवणं ऐकू येतं.

अनुस्वार

‘एका माणसाला’ची ओळ मराठीत इंग्रजीपेक्षा चांगली उतरते. चिनीत ‘ई रन’, एक माणूस. बोलताना ‘तो’ आणि ‘ती’ दोन्ही ‘था’. आपल्याकडे ‘कुणाला तरी’ आहे, त्याला लिंग नाही. आणि कर्ता गाळायची सवय भाषेतच आहे. असं करा:

‘दादा, कुणाला तरी मेघकुहरात आणावंसं वाटतं.’
‘आणून?’
‘लपवून ठेवावं.’
‘पण यायची तयारी नाही.’

कुठेही ‘तो’ नाही आणि वाक्यं अडखळत नाहीत. मधला ‘आणून?’ हा भावाचा प्रश्न मुद्दाम आखूड केलाय, चिनीत तो पूर्ण ओळ पुन्हा उच्चारतो. लपवून ठेवावं ही ओळ एकटीच पडद्यावर असू द्या, आधीच्या ओळीला जोडू नका.

गुहेतल्या प्रसंगात वेई धुनेचं नाव विचारतो. लानचे ओठ हलतात, आवाज नाही. तिथे पडदा कोरा ठेवा. कंसात काही लिहू नका.

धागादोरा

वेळेबद्दल एक राहिलं. सवयीने सबटायटल आवाजाच्या आधी दोन-चार फ्रेम लावतात, म्हणजे वाचायला वेळ मिळतो. बहुतेक ठिकाणी ठीक आहे. शेवटच्या दृश्यात करू नका. वेई डोंगरावर एकटा बासरी वाजवतो, मागून चौकटीबाहेरून हाक येते, ‘वेई यिंग’, आणि तो वळतो. मजकूर आधी आला तर प्रेक्षकाला वेईच्या आधी कळतं की कोण आलंय. एजिसबमध्ये ध्वनीचा आलेख उघडा, सुरुवात आवाजाच्या पहिल्या उंचवट्यावर लावा आणि शेवट तो पूर्ण वळायच्या आत. उद्गारचिन्ह नको, टिंबं नकोत. फक्त नाव.