शब्दचर्चा : एसीचा ‘टन’ आणि कोकणातला ‘उकाडा’

प्रश्न (गुहागर)

घरातला दीड टनाचा जुना स्प्लिट एसी बदलायचा आहे. बरीच वर्षं चालला, आता थंडच करत नाही. दुकानदार म्हणतात, ‘किनाऱ्यावरची दमट हवा, दीड टन कमीच पडणार, दोन टनाचा घ्या.’ खोली बारा बाय दहा, वर स्लॅब, पश्चिमेला खिडकी. आई विचारते, ‘टन म्हणजे वजन ना? मग दोन टनाची वस्तू भिंतीवर राहील कशी?’ मला तिला नीट सांगता आलं नाही. हा टन नक्की कशाचा? आणि एसीला ‘वातानुकूलन’ का म्हणतात? साधं ‘शीतकरण’ म्हटलं तर काय बिघडतं?

उत्तर (रत्नागिरी)

आईंचा प्रश्न रास्त आहे. टन वजनाचाच आहे, फक्त तो यंत्राच्या नव्हे, बर्फाच्या वजनाचा. यंत्रं येण्याआधी गारवा म्हणजे विकत घेतलेला बर्फ. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजात भरून बर्फ कोलकात्याला आला होता. पुढे यंत्रं आली, तेव्हा गिऱ्हाईक विचारी, हे किती बर्फाचं काम करील? तेच माप टिकलं. २००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी खोलीतून बाहेर टाकणारं यंत्र एक टनाचं. आपल्या मिरकरवाडा बंदरात मासळीवर बर्फाच्या लाद्या फोडताना आईंनी पाहिल्या असतील. तसल्या लाद्यांचा टनभर ढीग दिवसरात्रीत वितळवायचा, एवढं ते काम.

म्हणजे टन हा साठा नाही, वेग आहे. वॅटमध्ये सांगायचं तर ३५१७. दीड टन म्हणजे ५२७५ वॅट. आता दुकानात जाल तेव्हा स्टारच्या लेबलवर वॅटमधली क्षमता वाचा. ‘दीड टन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांवर बऱ्याचदा ५२७५ पेक्षा कमी आकडा असतो. दोन कंपन्यांचे दीड टन सारखे नसतात. म्हणून टनापेक्षा वॅटची तुलना करा.

‘वातानुकूलन’ हा शब्द मला फार आवडतो, कारण तो खरं बोलतो. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, ती माणसांना गार वाटावं म्हणून नव्हे. दमट हवेनं कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग जुळेनात. हवेतली आर्द्रता ताब्यात ठेवणं हे मूळ काम होतं. ‘एअर कंडिशनिंग’ हे इंग्रजी नाव १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर यांनी दिलं. ते कापड गिरण्यांचे अभियंता, त्यांना उलट सुताला ओलावा द्यायचा होता. दोन्हीकडे अर्थ एकच: हवा कामाला अनुकूल करणं. ‘शीतकरण’ म्हटलं की निम्मं काम शब्दातून गळतं, आणि कोकणात नेमकं तेच निम्मं महत्त्वाचं.

प्रतिसाद (मालवण)

याला जोडून. आमच्याकडे ‘गरम होता’पेक्षा ‘वारो नाय, खूप उकाडता’ असंच जास्त ऐकू येतं. उकडणं म्हणजे पाण्याच्या वाफेत शिजणं: उकडीचे मोदक, उकडा तांदूळ. नागपूरचं ऊन भाजतं, आपल्याकडे उकडतं. मला तर हा फरक फार नेमका वाटतो.

उत्तर (रत्नागिरी)

शब्दही नेमका आणि विज्ञानही. मे महिन्यात रत्नागिरीचा पारा बहुधा ३३ अंशांच्या आसपास असतो, विदर्भाहून कितीतरी खाली. पण घाम वाळत नाही, कारण हवा आधीच पाण्यानं भरलेली असते. म्हणूनच विदर्भातला वाळ्याचा कूलर इकडे चालत नाही. भरलेल्या हवेत आणखी पाणी सोडून काय होणार?

एसी दोन प्रकारची उष्णता काढतो. एक पाऱ्यावर दिसते. दुसरी शाळेत ‘अप्रकट उष्मा’ म्हणून शिकतो ती: हवेतली वाफ एसीच्या आतल्या थंड कॉइलवर, म्हणजे गार नळ्यांच्या वेटोळ्यावर, पाणी होताना जी सोडते. ड्रेनच्या पाइपाखाली बादली ठेवून पाहा. तासाला एक लिटर पाणी जमलं, तर सुमारे ६८० वॅट, म्हणजे टनाचा जवळजवळ पाचवा भाग, केवळ हवा सुकवण्यात जातोय. लेबलवरची क्षमता मोजताना आतली हवा २७ अंश आणि निम्म्याहून जरा कमी आर्द्रतेची धरतात. आपल्याकडे जूनच्या तोंडावर हवा तेवढी कोरडी कधी असते?

इथेच दुकानदारांचा सल्ला उलटा पडतो. ‘दमट आहे म्हणून मोठा घ्या’ हे ऐकायला पटतं. पण पाणी काढायला कॉइल गार राहावी लागते, सलग राहावी लागते. लहान खोलीत मोठं यंत्र झटक्यात २४ अंश गाठतं आणि कॉम्प्रेसर थांबतो. पंखा चालूच राहतो, कॉइलवरचं पाणी परत हवेत जातं. पारा उतरलेला, अंग मात्र चिकट, चादर ओलसर, काही दिवसांनी कपाटात बुरशी. मग माणूस २० वर लावतो आणि बिल वाढतं. दमट मुलखात यंत्र बेताचं असावं आणि जास्त वेळ चालावं.

प्रतिसाद (अलिबाग)

मग इन्व्हर्टर एसी घेतला तर वीज गेल्यावरही चालेल, असं शेजारचे काका म्हणतात. खरं का?

उत्तर (रत्नागिरी)

नाही. एक शब्द, दोन वस्तू. घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा. एसीतला इन्व्हर्टर म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट. वीज गेली की तोही थांबतो. काकांना हे आधीच सांगा, नाहीतर पहिल्या वादळात मनस्ताप होईल. त्याचा खरा फायदा वेगळा: खोली गार झाल्यावर तो बंद न होता मंद चालतो. पण त्यालाही किमान वेग असतो. फार मोठा घेतलात तर तोही चालू-बंद करू लागतो.

प्रश्नकर्ते (गुहागर)

पण आमचा दीड टन खरंच कमी पडतोय. मग तो लहान नाही का?

उत्तर (रत्नागिरी)

आधी आउटडोअर युनिटच्या मागे टॉर्च मारून पाहा. तांब्याच्या नळ्यांवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बोट लावताच पिठासारख्या गळतात का? खारा वारा आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम आधी झिजतं. पट्ट्या गेल्या की उष्णता बाहेर टाकता येत नाही, मग आत कितीही टन लिहिलेले असोत. यंत्र खंगलंय, लहान नव्हतं. ‘गॅस संपला’ हेही असंच बोललं जातं. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधल्याशिवाय भरू देऊ नका.

एसी चांगला चालत होता ते दिवस आठवा. मे महिन्यात दुपारी चारला कॉम्प्रेसर जवळजवळ सतत चालून खोली २४-२५ ला टिकायची? मग माप बरोबर होतं. दर दोन-चार मिनिटांनी टक करून थांबायचा? मग तेव्हाही मोठाच होता.

तुमच्या १२० चौरस फुटांना, वर दुसरा मजला असता तर मी एक टन सुचवला असता. उघडा स्लॅब आणि पश्चिमेची खिडकी धरून दीड टन पुरे, दोन नको. खिडकीला बाहेरून पडवी किंवा ताटी घातलीत तर उन्हाचा बराच भार कमी होईल. कौलारू घरांत मात्र आधी फळ्यांचं किंवा दुसरं सिलिंग घाला. कौलांच्या फटीतून दमट हवा आत येत राहिली तर कुठलंच माप लागू पडत नाही.

जुन्या यंत्रात आर-२२ गॅस असेल आणि नव्यात आर-३२, तर तांब्याचा पाइप नवाच घ्या. दाब बराच जास्त आणि तेलही वेगळं. बाहेरचं युनिट समुद्राच्या वाऱ्याच्या थेट तोंडावर नको, स्टँड स्टेनलेस स्टीलचा, आणि उन्हाळ्यात पंधरवड्यानं मेन स्विच बंद करून गोड्या पाण्यानं हलक्या धारेत धुवा. जोराची धार नको, पट्ट्या वाकतात. पावसात ड्राय मोडवर ठेवा आणि त्या बादलीत पाणी किती येतं ते आईंना दाखवा.