मदत हवी आहे: ९ स्टोन हँडिकॅप दिला की गो प्रोग्रॅम नीट का खेळत नाही?

नमस्कार मंडळी, माझी मुलगी गो (काळे-पांढरे स्टोन मांडून जागा घेरायचा बोर्डगेम) शिकतेय, साधारण १५ क्यू (नवशिक्यांची श्रेणी, आकडा जितका मोठा तितकं कच्चं) असेल. आमच्याकडे दुसरं कुणी खेळणारं नाही त्यामुळे लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमशीच खेळते, आणि बरोबरीने खेळण्यात काही अर्थ नाही म्हणून काळे घेऊन ९ स्टोन आधी मांडते. सुरुवातीला लीला झीरो हे प्रोग्रॅम लावलं होतं, त्यात पांढऱ्याचा म्हणजे प्रोग्रॅमचा विनरेट (जिंकायची शक्यता) पहिल्याच चालीला शून्याजवळ दिसायचा आणि मग ते कुठेही स्टोन टाकत सुटायचं. पोरगी विचारते, बाबा हा मुद्दाम हरतोय का?

कारण थोडंफार समजलंय. हे प्रोग्रॅम जिंकायची शक्यता बघतात, किती पॉइंटने जिंकलो हे त्यांच्या लेखी सारखंच. २००८ मध्ये मोगो या प्रोग्रॅमने किम म्युंगवान या ८ डान (क्यूच्या वरची श्रेणी) प्रोला ९ स्टोन घेऊन हरवलं तेही फक्त दीड पॉइंटने, म्हणजे पुढे असलं की हे ढिलं खेळतात आणि मागे पडलं की सगळ्याच चाली सारख्याच हरणाऱ्या वाटतात, मग निवडणार काय? त्यात लीला झीरो शिकलंच साडेसात कोमीच्या (दुसऱ्यांदा खेळतो म्हणून पांढऱ्याला मिळणारे जादा पॉइंट) बरोबरीच्या डावांवर, ९ स्टोनचा बोर्ड त्याने कधी बघितलेलाच नाही.

आता केट्रेन या ॲपमधून काटागो हे दुसरं प्रोग्रॅम वापरतोय. खूप फरक आहे, वेड्यासारखं खेळत नाही, पण फार सोज्वळ खेळतं. आपापले कोपरे घेऊन शांत बसतं, लढाई लावतच नाही. ९ स्टोन देणारा माणूस कसा मुद्दाम गुंता करतो, दोन ग्रुप (स्टोनचे गट) तोडून दोन्हीकडून दाबतो, तसं खेळणारा पांढरा मला हवाय. कुठलं सेटिंग बदलायचं? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १

काटागो पॉइंटसुद्धा मोजतं म्हणून हरत असतानाही सेन्सिबल खेळतं, शिवाय ट्रेनिंगमध्ये कोमी बदलत ठेवली होती आणि हँडिकॅपचे डावही होते. पण समोरचा आपल्याइतकाच तगडा आहे असं ते धरून चालतं, त्यामुळे ओव्हरप्ले (अति धाडसी चाल) केला तर शिक्षा होणारच हा त्याचा हिशोब. त्यासाठी प्लेआउट डबलिंग ॲडव्हांटेज नावाचं सेटिंग आहे. ते वाढवलं की समोरचा आपल्यापेक्षा पुढच्या चाली कमी बघतोय असं समजून काटागो खेळतं, १ ठेवलं तर दुप्पट, २ ठेवलं तर चौपट फरक, ३ पर्यंत जाता येतं. साध्या जीटीपी मोडमध्ये (ज्यात काटागो थेट डाव खेळतं) हँडिकॅप दिला की हे आपोआप लागू होतं, पण केट्रेन काटागोचं ॲनालिसिस इंजिन (विश्लेषणाचा मोड) वापरतं, तिथे होत नाही. तुमची लढाई तिथेच अडकलीये. केट्रेनमध्ये एआयच्या यादीत हँडिकॅप नावाचा वेगळा प्रकार आहे, तो निवडा आणि ऑटोमॅटिक चालू ठेवा. आणि कोमी बघा हो, साडेसात राहिली असेल तर अर्ध्या पॉइंटवर आणा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. जुना उपाय म्हणजे पाची या गो प्रोग्रॅममधली डायनॅमिक कोमी, म्हणजे प्रोग्रॅम मनातल्या मनात कोमी सरकवून डाव बरोबरीचा आहे असं मानतो आणि डाव पुढे जाईल तशी ती खोटी कोमी कमी करत आणतो, त्यामुळे विनरेट मधे राहतो आणि चालीचालीत फरक दिसतो. पण १५ क्यूच्या मुलीला मी ९ स्टोन देणारा राक्षस समोर बसवणारच नाही. २०२४ मध्ये काटागोचं ह्युमन मॉडेल आलंय, त्यात २० क्यूपासून ९ डानपर्यंत माणसासारखं खेळवता येतं. ९ क्यूचं प्रोफाइल लावा आणि ५-६ स्टोन घेऊ द्या. माणसं करतात तसे ओव्हरप्ले समोर येतील आणि ते तिला पकडताही येतील, हे फार महत्त्वाचं आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! हँडिकॅप प्रकार लावला, कोमीपण खरंच साडेसातच होती. पांढऱ्याने लगेच बाजूला घुसून तिचे दोन ग्रुप वेगळे केले आणि ती पहिल्यांदाच एका चालीवर इतका वेळ विचार करत बसली. ह्युमन मॉडेल केट्रेनमध्येच चालतं का सबाकी (गोचं दुसरं ॲप) टाकावं लागेल, लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाहीये?

प्रतिसाद २

कार्ड नसलं तरी काटागोचं सीपीयूवर चालणारं आयगन व्हर्जन मिळतं, ते घ्या. ह्युमन मॉडेलला प्रत्येक चालीमागे कमी प्लेआउट (पुढच्या चाली तपासण्याच्या फेऱ्या) सुद्धा पुरतात, स्लो वाटणार नाही. जीटीपी मोडमध्ये सबाकीला जोडा, कॉन्फिग फाइलमध्ये प्रोफाइल बदललं की झालं.